नवव्या गावातली म्हातारी

मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. सत्तावीस वर्षं झाली. कवितेत दिवा आला की तो नुसता दिवा नसतो, वाट आली की ती नुसती वाट नसते, हे मी दरवर्षी नव्या मुलांच्या डोक्यात भरत आलोय. मुलं वहीत 'गर्भितार्थ' असं लिहून खाली रेघ मारतात आणि मी म्हणेन ते मुकाट उतरवून घेतात. इतकी वर्षं कुणी उलटून विचारलं नाही की माणसाला आपण फार शहाणे आहोत असं वाटायला लागतं. मलाही तसंच वाटत होतं. हे शहाणपण माझ्या धाकट्या भावानं एका दुपारी उतरवलं, तेही एका व्हिडिओ गेमवरून.

भाऊ वायरमन होता. पेठ वडगावात घर, आणि आसपासच्या चार-पाच गावांच्या लाइनी त्याच्याकडे. वाऱ्यानं तारा तुटल्या, डीपी जळला, महापुरात खांब आडवे झाले की लोक त्याला शोधत यायचे आणि काम झालं की ओळखही दाखवायचे नाहीत. त्याचं त्याला काही वाटायचं नाही. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत फ्लॅटवर एकटाच राहतो, लग्न केलं नाही. त्याला एकच मुलगी. ती मला मोठे पप्पा म्हणते आणि पहिली ते बारावी तिचे सगळे निबंध मीच तपासलेत. ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

फेब्रुवारीत भावाचे डोळे पिवळे झाले. पंधरा दिवस त्यानं कुठल्या तरी गावची काविळीची मुळी खाल्ली. मग अंगाला खाज सुटली, वजन उतरलं, तेव्हा मी त्याला ओढून कोल्हापूरला आणला. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, चष्मा काढला आणि म्हणाले, "पेशंटला जरा बाहेर बसू दे."

ही आपल्याकडची रीत. ज्याचं शरीर, तो बाहेर बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघतो आणि ज्यांना काही झालेलं नाही ते आत जाऊन ऐकतात. मी आणि वहिनी, म्हणजे त्याची बायको, आत गेलो. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, यकृतात पसरलेला. डॉक्टर म्हणाले, नळी टाकून कावीळ उतरवू, दुखणं कमी ठेवू, तीन-चार महिने मिळतील. त्याला सांगायचं की नाही, ते तुम्ही घरच्यांनी ठरवा, असंही म्हणाले. आम्ही ठरवलं वगैरे काही नाही. दारातून बाहेर येताना वहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि मी भावाला म्हणालो, "पित्ताच्या नळीत खडा आहे. काढतील." इतकं सहज आलं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं.

खरं तर नवल वाटायचं कारण नव्हतं. आमच्या आईच्या वेळीही हेच झालं होतं. तिला शेवटपर्यंत आतड्याला सूज आहे असं सांगितलं होतं. तिची फाइल वडगावच्या घरात गव्हाच्या पिंपामागे दडवून ठेवली होती, आणि ती दडवणारा हाच भाऊ होता. त्याची फाइल मी कॉलेजातल्या माझ्या कपाटात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवली.

दवाखाना जवळ पडावा म्हणून तो आणि वहिनी माझ्याकडे राहायला आले. मार्चमध्ये पोरगी दोन दिवस येऊन गेली. कावीळ आहे, खडा आहे, एवढंच तिलाही सांगितलं. तिचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट, एप्रिल-मेमध्ये परीक्षा. जाताना ती आपला टॅबलेट बापाजवळ ठेवून गेली. "पप्पा, पडून पडून कंटाळा येईल. ह्यो गेम खेळा. ह्यात तुमच्यासारखा वायरमन हाय."

खरंच होता. एक डोंगर, त्यावर चढत गेलेली नऊ गावं, सगळी अंधारात. एक मध्यमवयीन वायरमन पायथ्यापासून निघतो, एकेक खांब दुरुस्त करत वर चढतो, गावात उजेड आणतो आणि पुढं जातो. मारामारी नाही, घाई नाही. भाऊ पहिले दोन दिवस नुसता हसत होता.

"येडं हाय हे दादा. फोन न्हाय, परमिट न्हाय, सरळ खांबावर! आमच्यात असता तर पहिल्याच दिवशी कोळसा झाला असता."

परमिट म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनला फोन करायचा, तिथल्या ऑपरेटरनं लाइन बंद करायची आणि 'बंद केली, चढ' म्हणून सांगायचं. मगच तारेला हात घालायचा. वर गेलेल्याला तार जिवंत आहे की मेलेली, ते नुसतं बघून कळत नाही.

गेममधल्या माणसांची बोलणी इंग्रजीत होती. भावाचं इंग्रजी मीटरच्या पाटीपुरतं. म्हणून मी कॉलेजातून आलो की त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचो आणि वाचून मराठीत सांगायचो. आयुष्यात आम्ही दोघं इतका वेळ शेजारी-शेजारी कधी बसलो नव्हतो. गावोगावची माणसं वायरमनला चहा द्यायची, त्याचं कौतुक करायची, आणि प्रत्येक गावात कुणीतरी म्हणायचंच की पुढचं गाव जवळच आहे, आता थोडंच राहिलं. भाऊ म्हणायचा, "लई गोड बोलत्यात ही माणसं. वायरमनशी एवढं गोड कुणी बोलत नसतंय."

घरात आम्हीही गोडच बोलत होतो. वहिनी रोज सकाळी, काय खावंसं वाटतंय, म्हणून विचारायची. मटणाचा पांढरा रस्सा म्हटलं की पांढरा रस्सा, आणि दोन घास खाऊन ताट सरकवलं तरी चकार शब्द नाही. एरवी ताटात भाजी उरली तर ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची. वडगावचे पाहुणे शहाळी घेऊन यायचे, मोठमोठ्यानं हसायचे, 'आता तब्येत सुधारली की' म्हणायचे आणि जिन्यात गेले की डोळे पुसायचे. माझ्या फ्लॅटची खिडकी जिन्यावर उघडते, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

एप्रिलच्या मधल्या एका दुपारी मी घरी आलो तर भाऊ उशीला टेकून बसला होता. वहिनी औषधं आणायला गेली होती. तो म्हणाला, "नऊ गावं झाली. शेवट आलाय. वाच."

मी बसलो. नवव्या गावात अंधार नव्हताच. वायरमन पोचायच्या आधीच घरोघर दिवे लागलेले, आणि मागच्या आठही गावांची माणसं तिथल्या चौकात बसलेली. मध्ये एक जागा रिकामी. वायरमन तिथं जाऊन बसतो. एक म्हातारी त्याच्याकडं वळते आणि दोन वाक्यं बोलते. त्यानंतर कुठलंही बटण दाबा, तो उठत नाही. तो खालच्या गावांतल्या दिव्यांकडे बघत राहतो आणि गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागतात.

म्हातारीची वाक्यं मी मनात वाचली. 'आम्हा सगळ्यांना पहिल्या खांबापासून माहीत होतं. पण तुला सांगायला कुणी पुढं झालं नाही.'

काय माहीत होतं, ते गेम सांगत नाही. पण मला जे ऐकू आलं ते आलं.

"काय म्हणती म्हातारी?" भावानं विचारलं.

"म्हणते, दमला असशील. बस. जेवून घे."

"बरं. आणि ह्याचा अर्थ काय? तू मास्तर हायस. सांग की."

आणि मी सांगायला लागलो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. नऊ गावं म्हणजे आयुष्याचे टप्पे, वीज म्हणजे सेवा, शेवटचं गाव म्हणजे कृतार्थता, ज्यानं दुसऱ्यांना उजेड दिला त्याचं घर आपोआप उजळतं, असं मी आठ-दहा मिनिटं बडबडलो. भीती वाटत असली की माझा आवाज वर्गातल्यासारखा होतो. भाऊ ऐकत राहिला.

"झालं?" तो म्हणाला. मग उशीखालून त्यानं आपला फोन काढला. टॅबलेटच्या पडद्याचा फोटो आणि त्याखाली फोननंच केलेलं भाषांतर. 'आम्ही सर्व जाणत होतो प्रथम खांबापासून. कोणी इच्छित नव्हते सांगणारा होणे.' फोनचं मराठी मोडकं होतं, पण खोटं नव्हतं.

"काल दुपारीच बघितलंय मी हे," तो म्हणाला. "तू काय सांगतोस ते बघायचं होतं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आमच्या घरात ओरडायची सवय आहे, शांत बोलायची नाही. तो शांत बोलला, म्हणून मी जास्त घाबरलो.

"आता मी सांगतो अर्थ. म्हातारी बोलल्यावर त्यो काय करतोय बघ." त्यानं गेम मागं नेऊन दाखवला. म्हातारीचं बोलणं संपतं आणि वायरमन हातातले रबरी मोजे काढतो, एकावर एक नीट ठेवतो. मी हे बघितलंच नव्हतं. माझं लक्ष शब्दांकडे होतं. "वायरमन काम संपल्याबिगर मोजे काढत नसतोय. तिनं सांगितल्यावर त्यो दचकला न्हाय, काय म्हणून विचारलं न्हाय. मोजे काढून ठेवला. म्हंजे त्याला म्हाईत होतं. ह्या सगळ्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यो गप चढत आला नऊ गावं. असा अर्थ हाय त्याचा."

मी टॅबलेट त्याच्या हातातून घेऊन बाजूला ठेवला.

"आईची फाइल मीच लपवलीती दादा. मला कळत न्हाय व्हय? बायको रोज विचारून मटण करायला लागली तवाच कळलं." मग तो माझ्याकडं वळला. "परमिट देणाऱ्यानं खोटं बोलायचं नसतंय. वर माणूस असतोय. सांग आता, काय हाय मला?"

मी सांगितलं. तीन वाक्यांत संपलं. सत्तावीस वर्षं शब्दांवर पोट भरलं, पण त्या तीन वाक्यांना दुसरे शब्द सापडले नाहीत. त्यानं विचारलं, किती दिवस. मी म्हणालो, डॉक्टरांनी तीन-चार महिने सांगितले होते, त्यातला दीड झाला. तो बराच वेळ हाताच्या बोटांकडं बघत होता. मी रडलो, तो रडला नाही. उलट मलाच म्हणाला, "गप. ती येईल एवढ्यात."

मग त्यानं विचारलं, "पोरीला म्हाईत हाय?"

"नाही. तिची परीक्षा..."

"सांग तिला. आजच्या आज. मला न्हाय सांगायला यायचं, मी फोनवर रडंन. तू नीट सांगशील. तिला म्हण, येऊन बस माझ्यापशी. मला तिच्याशी बोलायचं हाय. मग परीक्षा दे म्हणावं, न्हायतर नको देऊ."

मी शब्द दिला. हात हातात घेऊन दिला.

आणि सांगितलं नाही. वहिनी आली, तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. ती आधी रडली आणि मग माझ्या पाया पडायला लागली. "भाऊजी, पोरीचं वर्ष जाईल. चार वर्षं राबलीय ती. तेवढी परीक्षा हू द्या. डॉक्टरनी महिने सांगितल्यात की." मी हिशेब केला. परीक्षा तीन आठवड्यांत संपणार होती आणि माझ्या हिशेबानं भावाकडे त्याहून जास्त दिवस होते. पण खोटं कशाला बोलू, वहिनीच्या विनवणीची मला सोबत झाली, इतकंच. एकदा सांगून माझ्यातलं सगळं बळ संपलं होतं. त्या पोरीला फोनवर ते वाक्य ऐकवायची माझी छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी भावानं विचारलं, "सांगितलास?"

"सांगितलं," मी म्हणालो. "रडली. परीक्षा झाली की लगेच येते म्हणाली."

तो हळूच म्हणाला, "परीक्षा झाल्यावर?" आणि मग, "बरं. बरोबर हाय तिचं."

त्यानंतरचे दिवस मला आठवायचे नसतात, पण ते आठवतात. पोरगी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. मेसचं जेवण, मैत्रिणीची भांडणं, कुठला पेपर कसा गेला, सगळं भराभरा सांगायची. "पप्पा, कावीळ उतरली वाटतं, डोळे पांढरे दिसाय लागलेत!" म्हणून हसायची. तिला काहीच माहीत नव्हतं, म्हणून ती हसत होती. आणि तिला सगळं माहीत आहे असं समजून तो तिच्याकडं बघत होता. फोन बंद झाला की म्हणायचा, "पोरगी लई घट्ट हाय दादा. एकदा डोळ्यात पाणी न्हाय तिच्या." पहिल्यांदा हे तो कौतुकानं म्हणाला. आठवड्यानं तेच वाक्य वेगळ्या आवाजात म्हणाला. एकदा नुसतं म्हणाला, "एखादा दिवस येऊन गेली असती तर." तोंड उघडायला रोज एक दुपार मिळत होती आणि रोज मी ती घालवत होतो. टॅबलेट त्यानं पुन्हा हातात घेतला नाही.

परीक्षेचे दोन पेपर राहिले असताना त्याला थंडी वाजून ताप आला. नळीला संसर्ग झाला होता. डॉक्टरांनी सांगितलेल्या महिन्यांत हा ताप धरलेला नव्हता. दीड दिवसात सगळं आटोपलं, त्याला वडगावच्या घरी नेलं. पोरीला मी फोन केला तेव्हाही 'पप्पांना जरा बरं नाही, निघ' एवढंच म्हणालो. ती वडगावात पोचली तेव्हा अंगणात माणसं बसलेली बघून तिला कळलं. उरलेले दोन पेपर बुडालेच. ज्या परीक्षेसाठी मी हे सगळं केलं, ती परीक्षाही झाली नाही.

कॅन्सर होता हे तिला कुणा पाहुण्याच्या बोलण्यातून समजलं. रक्षाविसर्जनाला ती माझ्यापासून लांब उभी होती. ती रागावली असणार, हे मी धरूनच चाललो होतो. आम्ही तिच्यापासून लपवलं याचा राग. त्याची माझी तयारी होती.

त्या दिवसांत मी नेटवर त्या गेमचा शेवट शोधला. जगभरची माणसं त्यावर हमरीतुमरीवर आलेली. कुणी म्हणतं, वायरमन पहिल्याच खांबावर शॉक लागून मेला आणि बाकी सगळं त्याच्या मरतानाच्या डोक्यातलं आहे. कुणी म्हणतं, ती गावं धरणात बुडणार होती आणि त्याचं कामच फुकट होतं. पानंच्या पानं लिहिलीत लोकांनी. हातमोज्यांबद्दल एकानंही लिहिलेलं नाही.

बाराव्यानंतर चार दिवसांनी ती माझ्या फ्लॅटवर आली. दुपारची वेळ होती. बापाची औषधं, चष्मा, कपडे न्यायला आली होती. मी चहा ठेवला, तिनं घेतला नाही. सामान पिशवीत भरून झाल्यावर ती त्याच खुर्चीत बसली आणि फोन पुढं केला.

"मोठे पप्पा, हे ऐका. त्यांनी मला शेवटचं पाठवलेलं. त्या वेळी मला काय कळलंच न्हाय. मी म्हटलं, औषधाच्या गुंगीत असतील."

भावाचा आवाज होता. ताप यायच्या आदल्या दिवशीचा. धाप लागत होती, पण शब्द स्पष्ट होते. "पेपर नीट दे. माझ्याकडं बघायला आलं न्हाय म्हणून मनाला लावून घेऊ नको. मी काय मनात धरलं न्हाय. तुला बघवलं नसतं, मला कळतंय."

तिनं फोन बंद केला.

"कशाबद्दल मनात धरणार होते ते? मी काय केलं होतं? ह्याचा अर्थ काय? तुम्ही अर्थ सांगता ना सगळ्यांना?"

या वेळी मी वर्गातला आवाज काढला नाही. भावाला सगळं माहीत होतं, हे सांगितलं. तिला सांग म्हणून त्यानं माझा हात धरला होता, हे सांगितलं. मी सांगितलं नाही, आणि सांगितलं असं त्याला म्हणालो, हेही सांगितलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. कुठल्या वाक्याला तिला समजलं, ते मला दिसलं.

"म्हंजे मला सगळं म्हाईत असून मी आले न्हाय, असं समजून गेले पप्पा?"

मी हो म्हणालो.